उसना मामा

पुण्याच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या कॉफीचं डिकॉक्शन गाळत होते. गृहस्थ अतिशय सज्जन, कधी आवाज चढवणार नाहीत. त्या दिवशी मात्र नमस्कार-चमत्कार बाजूला ठेवून थेट म्हणाले, "बाई, हे काय करून बसलात? एवढं मोठं रहस्य पहिल्याच पानावर सांगून टाकलंत!"

माझी ती पहिली कादंबरी, आणि तीही रहस्याची. निवृत्त झाल्यावर तीन उन्हाळे घालून लिहिलेली. रहस्य मी शेवटच्या प्रकरणात नीट कडीकुलपात ठेवलं होतं. पाठवताना पानं पुढेमागे झाली की काय, असं वाटलं. "कुठलं रहस्य?" मी विचारलं.

"अहो, नायिकेचा नवरा तिचा सख्खा मामा आहे, हे!"

मला आधी हसू आलं, मग थोडा राग आला. "ते रहस्य नाही हो," मी म्हटलं, "ते तिचं सासर आहे."

मग ते हळूच म्हणाले, "तुमच्याकडे चालतं?"

आमच्याकडे चालतं. तंजावरला आमची घरं शिवशाहीच्या काळापासूनची. इतक्या पिढ्या तमिळ मुलखात राहिल्यावर काही गोष्टी आपोआप अंगवळणी पडतात. भाचीनं मामाशी लग्न करणं ही त्यातलीच एक. आईच्या आईचा सख्खा धाकटा भाऊ, म्हणजे आईचा मामा, तेच माझे अप्पा. लहानपणी मी हे नातं मोजायला बसले की गोंधळ उडायचा, कारण माझी आजी हीच माझी आत्या होती आणि दिवाळीला ती दोन्ही नात्यांनी वेगवेगळी रागवायची. पण त्यात लपवण्यासारखं काही असतं, हे माझ्या कधी मनातही आलं नाही. म्हणून तर ते पहिल्या पानावर, नायिकेच्या साडीच्या रंगाच्या आधी, सहज लिहून गेले. अशी चूक तंजावरचं माणूसच करू जाणे.

संपादकांचं म्हणणं असं की, पुण्या-नाशिकच्या वाचकाच्या हे वाचून अंगावर काटा येईल, तेव्हा तो काटा शेवटच्या पानासाठी राखून ठेवा. माझ्या कादंबरीत एका नव्या सुनेला घरातलं कुणीतरी वेडी ठरवू बघतं. वस्तू हलतात, निनावी फोन येतात, आणि शेवटी कळतं की फोन करणारी तिची स्वतःची आई आहे. "ते ठीक आहे," संपादक म्हणाले, "पण ते बेताचंच आहे. तुमच्याकडे याहून मोठी गोष्ट आहे आणि तुम्हाला पत्ता नाही."

त्यांचं ते वाक्य शब्दशः खरं निघालं, फक्त त्यांना वाटत होतं त्या अर्थानं नाही. त्या फोनबद्दल त्यांचे आभार मानायचे राहून गेले होते. आता मानते, कारण तो आला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

मी आठवडाभरात शेवट बदलला. पहिल्या पानावरचा मामा काढला. शेवटी नायिकेला एका जुन्या फोटोवरून कळतं की आपला नवरा आपल्या आईचा भाऊ आहे, आणि ती किंचाळत घराबाहेर धावते. पंचाईत अशी झाली की प्रकरण चांगलं उतरलं. माझ्याच अंगावर काटा आला. आता ते आईला वाचून दाखवायचं होतं.

हे वाचून दाखवणं टाळता येण्यासारखं नव्हतं. आमच्याकडे मराठी कानानं राहिली, डोळ्यांनी गेली. आई मराठी बोलते, मराठीत रागावते, देवाशीही मराठीत भांडते, पण देवनागरी तिला वाचता येत नाही. हिशेब तमिळमध्ये, वर्तमानपत्र तमिळ. मी देवनागरी शिकले ती हिंदीच्या परीक्षांसाठी, आणि मग पोस्टानं पुस्तकं मागवून मागवून पुस्तकी मराठी लिहायला लागले. ओरत्तनाडूच्या शाळेत गणित शिकवत असताना बसमध्ये बसून कथा लिहायचे. लिहिलेलं प्रत्येक पान दुपारी आईला वाचून दाखवायचं, हा आमचा रिवाज. ती माझी पहिली वाचक, आणि एक अक्षर न वाचणारी.

या वेळी मात्र तिचंच लग्न तिला किळसवाणी गोष्ट म्हणून ऐकवायचं होतं. आई ब्याऐंशीची. अप्पांना जाऊन काही वर्षं झालेली. तिचं मन मोडलं तर पुस्तक चुलीत घालीन, एवढं मी ठरवून ठेवलं होतं.

ती कूडमात, म्हणजे आमच्या मधल्या खोलीत, ऊंजलवर बसून मल्लीची फुलं गुंफत होती. ऊंजल म्हणजे साखळ्यांचा लाकडी झोपाळा. मी खाली चटईवर बसून वाचत होते. ती मधूनमधून "हं" म्हणत होती. फोटो सापडला, नायिका किंचाळली, धावत सुटली. मी थांबले आणि वर बघायचं टाळलं.

"कशाला किंचाळली गे ती?" आईनं विचारलं.

"नवरा मामा आहे, म्हणून."

"तिच्या लग्नास ती स्वतः आली नव्हती-आ?"

आणि ती हसायला लागली. अशी हसली की दोरा हातातून सुटला आणि फुलं लादीवर सांडली. मीही हसले. किती हलकं वाटलं म्हणून सांगू. मी फुलं वेचून तिच्या परडीत टाकत होते, तेव्हा तिचं हसू हळूहळू ओसरलं. ती म्हणाली, "पुण्याच्या माणसास लाजच हवी असली तर ती ह्यात नाही. लाज दुसरीकडे होती. मज ठाऊक आहे."

"कुठे?"

"पापनाशमला," आई म्हणाली.

पापनाशम म्हटलं की मला एकच माणूस आठवतो, तो म्हणजे आमचा उसना मामा. दर पोंगलला तो यायचा. आधी सायकलवर, मग मोपेडवर. मागे उसाची मोळी उभी बांधलेली, हँडलला पानांसकट हळदीचे गड्डे, पिशवीत गूळ आणि नवे तांदूळ. लग्न झालेल्या मुलीला तिच्या माहेरच्यांनी पोंगलला असं सीर आणायचं असतं. आईचे वडील लवकर गेले, भाऊ नव्हताच, आणि तिचं आजोळ हेच तिचं सासर. त्यामुळे सीर आणणारं दुसरं कुणी नव्हतं. हा आणायचा. त्यानं कधी चुकवलं नाही, कालव्याला पूर आला तेव्हाही बांधावरून मोपेड ढकलत आला होता.

त्याला 'उसना' का म्हणायचे, तेही सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या लग्नांत हार घालायच्या वेळी नवऱ्यामुलाला त्याचा मामा आणि नवरीला तिचा मामा खांद्यावर उचलून घेतो. तमिळ रीत आहे, आम्ही कधीच आपलीशी केली. आईचा एकुलता एक मामा तर नवरदेव म्हणून समोर उभा. मग तिला उचलायचं कुणी? म्हणून पापनाशमहून एक ओळखीचा धट्टाकट्टा तरुण आणला होता. सायकलचं दुकान होतं त्याचं. तमिळ माणूस. लग्नापुरता उसना घेतलेला मामा. पण लग्न झाल्यावर तो नातं परत करायला विसरला, अशी थट्टा घरात व्हायची, आणि मीही ती पुढे कितीदा केली आहे.

तो आला की तिण्णैवर बसायचा. दाराबाहेरचा तो उंच ओटा, पाहुण्यांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी असतो. घरात तो कधी आला नाही. घरातले सगळे त्याच्याशी तमिळमध्ये बोलायचे. अप्पा आतून "वांगो, वांगो" म्हणायचे, म्हणजे 'या, या', आणि दोन मिनिटांत त्यांना मागल्या दारी काहीतरी काम निघायचं. आई मात्र कॉफी घेऊन बाहेर जायची आणि तो जाईपर्यंत तिथेच उभी राहायची. कॉफी ती अप्पांच्याच चांदीच्या टंबळरमध्ये द्यायची. घरात त्यावरून धुसफूस व्हायची. आईनं टंबळर बदललं नाही.

आणखी एक गोष्ट होती, जी मला तेव्हा नुसती गंमत वाटायची. अप्पांच्या सायकलचं काहीही बिघडलं की ते ती बसच्या टपावर चढवून पापनाशमला न्यायचे. पंक्चर काढायला! आमच्या गल्लीच्या तोंडाशी पंक्चरवाला होता. मला बरोबर न्यायचे, कारण तिथे समोरच्या दुकानात रोझमिल्क मिळायचं. मी रोझमिल्क पीत बसायची. उसना मामा चाक पाण्यात फिरवून बुडबुडे बघायचा, अप्पा स्टुलावर बसून तेच बुडबुडे बघायचे. दोघं एक शब्द बोलायचे नाहीत. परतताना अप्पा खुशीत असायचे.

एवढे धागे हातात असून मला काही उमगलं नव्हतं, आणि म्हणे मी रहस्यकथा लिहिते.

आईनं मग सांगायला सुरुवात केली. बोलताना फुलं गुंफणं थांबवलं नाही, त्यामुळे तिचे हात तेवढे मला दिसत राहिले.

"लग्न चत्रात होतं," ती म्हणाली. चत्र म्हणजे धर्मशाळा. "मी एकोणीस वर्षांची. समोर मामा बाशिंग बांधून उभा. लहानपणापासून मज कुणी काही बोललं की मी त्याच्याकडे धावायची. मामा, हे बघ. मामा, ते बघ. त्या दिवशी मज भीती वाटली, तर मी कुणाकडे धावू? ज्याच्याकडे धावायचं तोच नवरा. मज नवरा मिळाला गे, चांगला मिळाला. पण मामा गेला. तें कुणास सांगायचं?"

हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. अप्पांबद्दल तिनं कधी वावगा शब्द काढला नव्हता, आताही काढत नव्हती. माझ्या कादंबरीत एवढी खरी एक ओळ नव्हती, हे मला तिथल्या तिथे कळलं.

"मग वाजंत्री वाढली. हा पापनाशमचा माणूस माझ्या मागे आला. त्यानं मज उचललं खांद्यावर. मी थरथर कापत होते. आणि तो माझ्याकडे न बघता हळू म्हणाला, भिऊ नको पोरी. मी धरलोंय."

माझ्या लक्षात आलं नाही, तेव्हा तिनं परत सांगितलं, "असंच म्हणाला. आपल्या भाषेत."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमची मराठी बाहेर शिकायला मिळत नाही. तिची शाळा नाही, बाजार नाही, सिनेमा नाही. ती फक्त घरात मिळते, आणि तीही आपल्याच घरात. पापनाशमच्या सायकलवाल्या तमिळ तरुणाला ती आली कुठून? आणि 'धरलोंय' हे तर आमच्या घराचंच वळण. चार गल्ल्या पलीकडचे आमचेच लोक असं म्हणत नाहीत.

बाकीचं आईनं पुढे तिण्णैपाशी उभी राहून त्याच्याकडूनच ऐकलेलं. अप्पांच्या वडिलांना मी थोरले आजोबा म्हणते. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांची पापनाशमकडे भातशेती होती. कापणीला जायचे ते महिना-महिना राहायचे. तिथे त्यांचं दुसरं घर होतं. ती बाई वेगळ्या जातीची, लग्न वगैरे काही नाही, आणि तो तिचा मुलगा. संध्याकाळी ओसरीवर बसून ते त्याच्याशी आपल्या भाषेत बोलायचे. मुलाला दुसरं काही दिलं नाही, भाषा दिली. मग तिकडे जाणंही बंद केलं.

म्हणजे उसना मामा उसना नव्हता. आईच्या आईचा भाऊ होता, अप्पांचा भाऊ होता, फक्त आई वेगळी.

"तुला त्याच वेळी कळलं?" मी विचारलं.

"खांद्यावर असतानाच. हार घालायचा तो मी वाकडा घातला."

यातली खरी हादरवणारी गोष्ट पुढेच होती. त्याला बोलावणं धाडणारी होती थोरली आजी, अप्पांची आई. नवऱ्यानं जिला फसवलं ती. नवरीला उचलणारा मामा रक्ताचाच हवा, नाहीतर अशुभ होतं, असं तिच्या मनानं घेतलेलं. नवरी तिची नात, नवरदेव तिचा मुलगा. दोघांचं भलं व्हावं म्हणून तिनं सवतीच्या मुलाला निरोप पाठवला, आणि चार लोकांत त्याला 'उसना' म्हणून टाकलं. त्याच्याकडून एक शब्दही घेतला, की लग्नाला ये, मुलीला उचल, पण माझा उंबरा ओलांडू नको.

"मी एकदा सासूस विचारलं," आई म्हणाली, "तो कोण म्हणून. म्हणाली, उसना आणला होता, परत दिला. परत दिलेल्याबद्दल विचारायचं नसतं."

"आणि अप्पा?"

"त्यांस ठाऊक होतं. त्यांनी एकदा आत ये म्हटलं असतं तर तो आला असता. मी किती वेळा म्हटलं त्याला. तो म्हणायचा, मी ह्या घरच्या बाईस शब्द दिलोंय, ह्या घरच्या माणसानं बोलवायला हवं. मी सून. माझं बोलावणं चालत नव्हतं." फुलांची माळ पुरी झाली होती. तिनं दाताने दोरा तोडला. "तुझे अप्पा चांगले होते गे. पण पंक्चर काढण्यापुरतेच धीट होते."

मला अप्पांची एवढी दया कधी आली नव्हती आणि त्यांचा एवढा रागही कधी आला नव्हता. टपावर सायकल चढवणारे अप्पा डोळ्यांसमोर आले. भावाच्या दुकानात स्टुलावर बसून बुडबुडे बघायचे, आणि तोच भाऊ आपल्या दारात आला की मागल्या दारानं पळ काढायचे.

या पोंगलला उसना मामा आला नव्हता. तो आता नव्वदीला टेकला होता, आणि पोंगलच्या आधीच्या मार्गळी महिन्याच्या थंडीत घसरून पडला होता. ऊस आणि हळद त्यानं बसच्या कंडक्टरबरोबर पाठवली होती. आईनं ती हळद सुकवली नव्हती, तशीच देवापुढे ठेवली होती. मला वाटलं होतं, विसरली.

"तो जायच्या आधी त्याला आत बोलवायला हवं," ती म्हणाली. "आता ह्या घरची तूच आहेस. आणि तुझ्या पुस्तकात लाज घालायची असेल तर ही घाल. पण त्याला विचारून."

मी माझ्या कादंबरीचा शेवट तिसऱ्यांदा लिहिला. निनावी फोन गेले, फोटो गेला, किंचाळणं गेलं. मामाचं लग्न परत पहिल्या पानावर आलं. शेवटी एवढंच की, नव्या सुनेला लग्नातल्या एका कुजबुजलेल्या वाक्यावरून कळतं, आपल्याला खांद्यावर घेणारा हा परका माणूस कोण आहे. तेवढी पानं घेऊन आई आणि मी पापनाशमला गेलो.

बसनं जायचा तिचा हट्ट होता. वाटेत दोन्ही बाजूंना भात लोंबीला आलेला. आई खिडकीपाशी बसली होती, आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. एखाद्याला त्याच्याच बापाची गोष्ट वाचून दाखवायला जाताना काय बोलतात, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याला राग आला तर? इतकी वर्षं ज्यानं एक शब्द पाळला, त्याला आपण येऊन उघडं पाडतोय असं वाटलं तर? पुस्तक गेलं तरी चालेल, पण हा माणूस जाऊ नये, एवढंच वाटत होतं.

दुकान आता जावई चालवतो, तिथे मोपेडी दुरुस्त होतात. मागच्या खोलीत तो खाटेवर बसलेला होता, पायाला पट्टी. आईला बघून उठायला लागला. तिनं दटावून बसवलं. त्याच्या मुलीनं आम्हाला कॉफी दिली. मी तमिळमध्येच सुरुवात केली, म्हटलं, "मामा, मी एक गोष्ट लिहिली आहे. त्यात तुम्ही आहात. ऐकाल का? नको म्हणालात तर फाडून टाकीन."

त्यानं हो म्हणून मान हलवली. मी मराठीत वाचायला लागले. त्याला ती भाषा कळत नाही असं इतकी वर्षं सगळ्यांनी धरून चाललेलं, आणि आता मी थेट तीच भाषा त्याच्यापुढे वाचत होते. तो जमिनीकडे बघत होता. चत्र आलं, वाजंत्री आली, हार आले. 'भिऊ नको पोरी' ही ओळ आली तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. आईनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

वाचून झालं. बाहेर कुणीतरी मोपेडचं इंजिन रेटून बघत होतं. मी बसमध्ये जुळवलेलं सगळं विसरले. तोंडातून एकच निघालं, आणि तेही आपल्या भाषेत, "काका, आपल्या घरी या. आत या. मी बोलवायला आले आहे."

माझ्या वडिलांचा भाऊ तो. काकाच. मी त्याला आईचं बघून आयुष्यभर मामा म्हणत आले होते.

त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याचे डोळे हुबेहूब अप्पांचे होते, आणि हे मला इतक्या वर्षांत दिसू नये! मग तो बोलला. त्याच्या तोंडून आमची मराठी मी पहिल्यांदा ऐकली. थोडी गंजलेली, अडखळत येणारी, पण आमचीच.

"लिही," तो म्हणाला. "पण माझ्या आईचं नाव घालू नको. तिला कुणी काही बोलायला नको."

"कुणाचंच नाव घालणार नाही," मी म्हटलं. तो शब्द मी कादंबरीत पाळला आणि इथेही पाळते आहे.

संपादकांना नवा शेवट पाठवला. त्यांनी फोनवर आधी पानं मिळाल्याचं सांगितलं. मग म्हणाले, "एका वाक्यावरून कळलं तिला? फक्त भाषेवरून?" मी म्हटलं, "आमच्याकडे तेवढ्यावरूनच कळतं." त्यांनी पहिल्या पानाला हात लावला नाही. तिथे मामाशी लग्न आहे तसं राहू दिलं, खाली तळटीपही घातली नाही. त्याबद्दल त्यांचे वेगळे आभार.

पुस्तकाच्या प्रती आल्या त्याच आठवड्यात काका आला. त्याचा जावई गाडीतून घेऊन आला. आईनं सकाळपासून स्वयंपाकघर डोक्यावर घेतलं होतं, उडदाच्या पिठाची डांगर पच्चडी, पुरणाच्या पोळ्या, आणि अप्पांचं टंबळर चिंचेनं घासून लखलखीत. गल्लीतली चार डोकी खिडक्यांत आली होती. येऊ देत म्हटलं.

तो काठी टेकत पायऱ्या चढला आणि सवयीनं तिण्णैच्या कडेला बसायला गेला. बसलाही. पदर खोचून दारात उभी असलेली आई म्हणाली, "तिथे नाही. आत."

तो उठला नाही. उंबऱ्याकडे बघत राहिला. आमच्या दाराचा उंबरा उंच आहे, लाकडी, मधोमध झिजलेला. त्याचे वडील त्याच्यावरून रोज ये-जा करत असतील. मी पुढे होऊन म्हटलं, "काका, या." तेव्हा तो उठला.

आईच्यानं राहवलं नाही. त्याला हात द्यायला ती घाईघाईनं बाहेर आली, आणि उंबऱ्यावर तिचाच तोल गेला. तिचे गुडघे आता तिचे राहिलेले नाहीत. मी धावले, पण माझ्याआधी त्यानं काठी टाकून तिचा दंड पकडला. नव्वदीचा म्हातारा, पायाला पट्टी, आणि मूठ अशी की ती हलली नाही.

"भिऊ नको पोरी," तो म्हणाला. "मी धरलोंय."

या वेळी तो हळू बोलला नाही. गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. आईनं त्याचा हात सोडला नाही, त्यानं तिचा सोडला नाही, आणि दोघं एकमेकांना धरून उंबरा ओलांडून आत गेले. मी काठी उचलली आणि त्यांच्या मागून आत आले.